सात व्होल्टचा पंखा

म्हसवडात कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनपैकी एक तक्रार सांगतं: "लय तापतोय" नाहीतर "लय बोंबलतोय". दोन्ही तक्रारींचं मूळ कॅबिनेटमधल्या पंख्यात असतं आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. तापतोय म्हटलं की पंखा जोरात फिरवायचा, बोंबलतोय म्हटलं की हळू करायचा. या ओढाताणीत पंखा नेमका किती हळू करता येतो, हे शोधण्यात माझ्या धंद्यातली बरीच वर्षं गेली.

आमचा माण तालुका पर्जन्यछायेचा. पाऊस थोडा, ऊन भरपूर आणि वारा सुटला की फुफाटा. माणगंगेचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडंच दिसतं. इथला कॉम्प्युटर पुण्या-मुंबईच्या एसीतल्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळं आयुष्य जगतो. मार्गशीर्षात गावातल्या सिद्धनाथाचा रथ निघतो, चांगभलंच्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. त्यानंतरच्या दिवसांत रथाच्या वाटेवरच्या दुकानांतली मशिनं माझ्याकडे येतात. झाकण काढलं की प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर गुलाबी थर बसलेला असतो आणि पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडा रंगलेल्या असतात. हवा कुठून आत येते आणि कुठं अडते, हे त्या गुलालावरून मला जितकं नीट कळलं तितकं कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं.

पंखा हळू करण्याचा नाद लागला तो एका निवृत्त गुरुजींमुळं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी माणसं ज्या ओव्या आणि गजी नाचाची गाणी म्हणत, ती त्यांना रेकॉर्ड करून ठेवायची होती. म्हसवडात 2008 पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र 90.4 एफएमवर चालतं. आपल्या बोलीतलं बोलणं रेडिओवर येऊ शकतं हे लोकांनी ऐकलं होतं, तेव्हापासून गुरुजींच्याही मनानं घेतलं होतं. त्यांनी माईक आणला, खोलीला गोधड्यांचे पडदे लावले. पण कॉम्प्युटर होता पुण्याच्या कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना पेंटियम 4. "म्हातारी ओवी म्हणतीय अन् मागनं हे घुंऽघुंऽ करतंय. ऐकणाऱ्यानं ओवी ऐकायची का गिरणी?" गुरुजींचा सवाल रास्त होता. घरघर नंतर सॉफ्टवेअरनं पुसता येते, पण तिच्याबरोबर म्हातारीच्या आवाजातला कसही पुसला जातो.

त्या काळची मशिनं गोंगाट का करत, हे आधी सांगायला हवं. 2000 साली आलेला पेंटियम 4 पुढच्या काही वर्षांत 100 वॉटच्या आसपास उष्णता टाकू लागला. ती काढायला छोटे, 80 मिलिमीटरचे पंखे मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांनी पळवले जात. पंखा लहान असला की तेवढीच हवा हलवायला त्याला जास्त पळावं लागतं आणि जास्त पळाला की जास्त ओरडतो. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी पंख्याला 12 ऐवजी 7 किंवा 5 व्होल्ट देऊन तो शांत करायच्या युक्त्या काढल्या. त्या युक्त्या हळूहळू आमच्यासारख्यांपर्यंतही पोचल्या.

गिऱ्हाइकाला समजावताना मी छतावरच्या पंख्याचा जुना रेग्युलेटर दाखवतो. तो काळा, गोल, हात लावला की गरम लागणारा. त्याच्या आत तारेची वेटोळी असतात. ती थोडी वीज स्वतः खातात आणि उरलेली पंख्याला देतात. कॉम्प्युटरच्या पंख्यालाही असंच काहीतरी मध्ये घातलं की तो हळू होतो. यावर हमखास एक प्रश्न येतो: "मग लाईट डीम झाल्यावर त्यो आपसूक हळू व्हईल की!" तसं होत नाही. आपल्याकडं संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा रेंगाळतो, पण कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, बाहेरची वीज कमीजास्त झाली तरी आत 12 व्होल्ट स्थिरच ठेवतो. फारच डीम झाली तर मशीन सरळ बंद पडतं. पंखा हळू करायचा तर तो आतूनच करावा लागतो.

आतून म्हणजे कसा? एसएमपीएसमधून येणारा चार पिनांचा पांढरा मोलेक्स कनेक्टर ओळखीचा असतो. पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. पंखा पिवळ्या आणि काळ्या तारांत जोडला तर पूर्ण 12 व्होल्ट. लाल आणि काळ्यात जोडला तर 5. आणि गंमत म्हणजे पिवळ्या आणि लालमध्ये जोडला तर दोघांमधला फरक मिळतो, 7 व्होल्ट. एक पैसा खर्च न करता नुसत्या पिना बदलून होणारं हे काम आहे. गुरुजींच्या मशिनवर चाचणीसाठी मी हेच केलं. पंख्याचा सूर खाली आला, मग खोलीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. गुरुजी म्हणाले, "बंद पडलं व्हय?" मी त्यांचा हात कॅबिनेटच्या मागं धरला. हवा येत होती.

एवढ्याशा बदलानं इतका फरक का पडतो, याला हिशेब आहे. पंखा ढकलतो ती हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, पण आवाज त्यापेक्षा फार झपाट्यानं उतरतो. 7 व्होल्टवर फेऱ्या साधारण 60 टक्क्यांवर आल्या तर हवाही 60 टक्के उरते. आवाज मात्र सुमारे 11 डेसिबलनं खाली येतो. 10 डेसिबल कमी म्हणजे आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. थोडक्यात, हवेत तोटा थोडा आणि शांततेत फायदा मोठा. या धंद्यात इतका किफायतशीर सौदा क्वचितच पाहायला मिळतो.

तरीही पिवळ्या-लाल तारांची ती जोडणी मी गिऱ्हाइकाच्या मशिनमध्ये कायमची ठेवत नाही. त्यात पंख्याचा करंट 5 व्होल्टच्या तारेत परत सोडला जातो. एसएमपीएस करंट द्यायला बनवलेला असतो, घ्यायला नाही. इतर भाग त्याच तारेवरून वीज घेत असतात तोवर चालून जातं, पण पंखा आतून शॉर्ट झाला तर 12 व्होल्ट थेट 5 व्होल्टच्या लाईनवर चढतात आणि त्या लाईनवर हार्ड डिस्क बसलेली असते. गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो जिच्यात आहेत, त्या डिस्कवर प्रयोग करायचे नाहीत.

दुसरा मार्ग रेझिस्टन्सचा. साधारण 0.15 अँपियरच्या पंख्याच्या स्वतःच्या लाल तारेत (मोलेक्सच्या नव्हे) 56 ओहमचा, किमान 1 वॉटचा रेझिस्टन्स लावला की पंख्याला 7 व्होल्टच्या आसपास मिळतात. पाव वॉटचा बारीक रेझिस्टन्स लावला तर तो तापून काळा पडतो. रेझिस्टन्समध्ये एक खोट आहे. पंखा सुरू होताना जास्त करंट ओढतो आणि नेमका त्याच क्षणी रेझिस्टन्स जास्त व्होल्ट खातो. ज्या वेळी धक्का हवा त्याच वेळी पंखा उपाशी. म्हणून मी डायोड वापरतो, 1एन4007, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा. एक डायोड 0.7 व्होल्टच्या आसपास खातो आणि करंट वाढला तरी त्याची भूक फारशी वाढत नाही. सहा-सात डायोड एकामागं एक, चंदेरी पट्टी पंख्याच्या बाजूला ठेवून डाग मारायचे आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवून गरम करायची. बोटाएवढी कांडी तयार होते. पंख्याच्या तिसऱ्या तारेला हात लावायचा नाही, कारण तिच्यावरून मदरबोर्ड फेऱ्या मोजतो. दर फेरीला त्या तारेवर दोन ठोके येतात. ते मंदावले की काही मशिनं सुरू होतानाच सीपीयू फॅन एरर दाखवून अडून बसतात. त्यामुळं प्रोसेसरवरच्या पंख्याला मी कांडी लावतच नाही. कांडी फक्त कॅबिनेटच्या पंख्याला.

5 व्होल्टच्या मोहात मात्र पडू नये. एका गिऱ्हाइकाच्या भाच्यानं कुठंतरी पाहून पंखा 5 व्होल्टवर जोडला होता. दिवसभर छान चालायचा, मग एका सकाळी मशीन तापून बंद पडलं. माझ्याकडं दुपारी आणलं तेव्हा पंखा झकास फिरत होता. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. शेवटी मी ते रात्रभर दुकानातच ठेवून घेतलं. मार्गशीर्षातली पहाट, माणदेशातली कोरडी थंडी. सकाळी बटण दाबलं तर पंख्याची पाती नुसती थरथरली आणि थांबली. बोटानं टिचकी मारली की फिरायची. पंखा काढला, मागचं गोल स्टिकर नखानं सोललं. खाली बेअरिंगच्या खळग्यात पांढरट, मेणचट गोळा बसलेला. मी वास घेतला: खोबरेल! पंखा कुरकुरतो म्हणून कुणीतरी देवघरातल्या बाटलीतलं तेल सोडलं होतं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं. दुपारी ते पातळ व्हायचं, पंखा पळायचा, पहाटे बेअरिंग जाम. 12 व्होल्टवर मोटरनं तो गोळा फोडून वाट काढली असती. 5 व्होल्टमध्ये तेवढं बळ नव्हतं. खळगा कापसानं पुसून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घातलं आणि पंख्याला 7 व्होल्टवर आणलं. चालू असलेला पंखा कमी व्होल्टवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा सुरू व्हायला त्याहून जास्त व्होल्ट लागतात. म्हणून पंख्याची परीक्षा थंड सकाळी, बंद स्थितीतून घ्यावी.

थंडीचा हिशेब असा, तर उन्हाळ्याचा वेगळाच. 100 वॉट उष्णता टाकणाऱ्या मशिनमधली हवा खोलीपेक्षा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण 500 लिटर हवा आरपार जायला हवी. डिसेंबरात खोलीत 22 अंश असतील तर आत 32. कुणाला फिकीर नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 41 अंश असले तर आत 51, आणि प्रोसेसर त्याच्याही वर. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचला की तो स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "उन्हाळ्यात स्लो चालतोय, फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारून काय होणार? थंड देशांतल्या लोकांनी सांगितलेला 7 व्होल्टचा मंत्र इथं वर्षभर चालत नाही, याचं कारण हेच. पंखा बनवणाऱ्यानं त्यात जी ताकद राखीव ठेवलेली असते, ती डिसेंबरात आपल्याला शांततेसाठी खर्च करता येते. मे महिन्यात ती आधीच उन्हानं खाल्लेली असते.

या पेचाचा उलगडा एका अभ्यासिकेत झाला. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं तिथं बसतात, कोपऱ्यात चार कॉम्प्युटर. चालकांची तक्रार हिवाळ्यात आली: "दादा, ह्या घरघरीनं पोरांचं ध्यान लागंना." मी विचारलं, उन्हाळ्यात का नाही आलात? ते म्हणाले, उन्हाळ्यात ऐकूच येत नव्हतं. मी वर बघितलं. छताला पंखे, खिडकीत कूलर. उन्हाळ्यात हे सगळं धडधडत असतं, त्यात कॉम्प्युटरचा आवाज कुणाला ऐकू येणार? हिवाळ्यात छतावरचे पंखे थांबतात, खोली गप्प होते, तेव्हा कॅबिनेट बोलतंय हे लक्षात येतं. म्हणजे ज्या महिन्यांत पंखा जोरात फिरायला हवा, त्या महिन्यांत त्याचा आवाज कुणाला टोचत नाही. आणि ज्या महिन्यांत आवाज टोचतो, त्या महिन्यांत तो हळू फिरला तरी बिघडत नाही.

मग प्रत्येक कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून एकेक छोटा टॉगल स्विच बसवला. एकीकडं थेट 12 व्होल्ट, दुसरीकडं डायोडची कांडी. वर मार्करनं लिहिलं: उन्हाळा, हिवाळा. चालकांना सांगितलं, दिवाळी झाली की हिवाळ्यावर टाका, शिमगा झाला की उन्हाळ्यावर. ऑक्टोबर हीटला फसू नका. ही पद्धत मी नंतर बऱ्याच ठिकाणी लावली. नव्या मदरबोर्डवर हे काम आपोआप होतं. चार पिनांच्या पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला 25 हजार वेळा चालू-बंदचा इशारा जातो. माणसाच्या कानाला 20 हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून त्या चालू-बंदचा आवाजही येत नाही. तापमान बघून मदरबोर्ड स्वतःच वेग ठरवतो. पण माझ्याकडं येणारी निम्मी मशिनं अजून जुनी असतात आणि त्यांना स्विच पुरतो.

स्विच बसवण्याआधीचं काम मात्र मी कधीच चुकवत नाही. मशीन आधी साफ करायचं. आमच्या भागात घोंगड्या विणणारी घरं अजून आहेत. लोकर पिंजायची, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची आणि मागावर विणायचं. अशाच एका घरातला कॉम्प्युटर उघडला तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा काढल्यावर खाली हीटसिंक दिसेचना. पंखा आणि हीटसिंकच्या मधे लोकरीची नि धुळीची दाट चटई तयार झाली होती. ती चिमट्यात धरून अख्खी उचलली तर पंख्याच्या चौकटीचा चौकोनी आकार धरूनच बाहेर आली. घरातल्या काकूंनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "चांगली जमलीया की." ती काढून प्रोसेसरवर नवीन थर्मल पेस्ट लावल्यावर पंखा न बदलता, व्होल्ट न उतरवता आवाज निम्म्यावर आला. मदरबोर्ड आधी घाबरून पंखा पूर्ण वेगानं पळवत होता, तो आता निवांत झाला.

शांततेची बाकीची कामंही अशीच बिनखर्चाची आहेत. बऱ्याच कॅबिनेटच्या मागं पंख्यासमोर पत्र्यातच भोकं पाडून जाळी केलेली असते. हवा तिच्यावर आपटते आणि शीळ घालते. पत्राकातरीनं ती जाळी कापून तारेची साधी जाळी बसवली की शीळ थांबते. हार्ड डिस्कचा थरकाप कॅबिनेटच्या पत्र्यात उतरतो, तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूखाली घालावेत. मशीन लोखंडी टेबलावरून काढून खाली रबराच्या तुकड्यांवर ठेवावं. पण जमिनीवर अगदी टेकवू नये, कारण झाडू मारताना उडणारी सगळी धूळ पहिल्यांदा तिथंच ओढली जाते. धुळीच्या मुलखात हळू पंख्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही: कमी हवा ओढणारा पंखा धूळही कमी ओढतो. हिवाळ्यावर चाललेली अभ्यासिकेतली मशिनं रथानंतर उघडली तेव्हा आतला थर पातळ होता.

सगळ्यात चिवट अडचण यंत्रातली नसून माणसाच्या सवयीतली आहे. आपल्याकडं चालणारी वस्तू आवाज करते अशी समजूत आहे. पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टर, सगळ्यांनी कानाला तेच शिकवलंय. शांत केलेलं मशीन घरी नेल्यावर एका तात्यांनी फोन केला, "पंखा फिरंना, तुमी काय केलं?" मी म्हटलं, मागं अगरबत्ती धरा. धूर सरळ मागं उडाला आणि तात्यांचा विश्वास बसला. आता मी मशीन देतानाच गिऱ्हाइकासमोर अगरबत्ती लावतो. काहींना वाटतं पूजाच करतोय.

गुरुजींनी पुढं बऱ्याच ओव्या रेकॉर्ड केल्या. मशीन शेजारच्या खोलीत ठेवून माईकची वायर दारातून आणणं हा सगळ्यात सोपा उपाय होता आणि तोही आम्ही केला. पण लाईट गेल्यावर यूपीएसची पीं-पीं यातल्या कुठल्याच उपायानं थांबत नाही, तेव्हा ओवी मध्येच थांबवावी लागते.

ज्यांना हे घरी करून बघायचं असेल त्यांना एवढंच सांगेन. कॅबिनेटच्या पंख्यावर जरूर हात चालवा, एसएमपीएसच्या डब्यातल्या पंख्याला मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ 300 व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. आधी धूळ काढा, मग पेस्ट बदला, मग जाळी आणि रबर, आणि सगळ्यात शेवटी व्होल्ट. 7 पुरतात, 5 वर जाऊ नका. आणि पंखा किती हळू ठेवायचा हे डिसेंबरच्या रात्री ठरवू नका, मे महिन्यात दुपारी तीन वाजता तापमान बघून ठरवा.